श्रमाचे मोल आणि विद्यार्थ्यांची रेषा

स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत हा विषय कलेचे व डिझाइनचे विद्यार्थी भित्तिपत्रकांतून मांडू पाहतात, तेव्हा समाजवाद्यांनी त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एक उंच आणि एक ठेंगणा असे दोन स्तंभ रंगवले की प्रश्न मांडला गेला, ही समजूत भाबडी आहे. तफावत किती, हे आकडा सांगतो. ती घडवली कशी जाते, हे दाखविणे चित्राचे काम आहे.

या दृष्टीने ब्रिटनमधील अनुभव बोलका आहे. १९६८ साली लंडनमधील डॅगनहॅम येथे फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची आच्छादने शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी संप केला. त्यांचे शिवणकाम खालच्या श्रेणीत टाकलेले होते आणि त्या श्रेणीतही त्यांना पुरुषांच्या दराच्या ८५ टक्केच मिळत. संपानंतर हे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले; १९७० चा समान वेतन कायदाही याच लढ्याच्या रेट्याने झाला. परंतु त्यांचे काम कुशल आहे, ही मूळ मागणी मान्य होण्यास १९८४ चा दुसरा संप व्हावा लागला. दराचा अन्याय दिसतो. श्रेणीचा अन्याय लपतो.

१९७४ साली लंडनमध्ये कलाशिक्षण घेतलेल्या काही तरुणींनी ‘सी रेड विमेन्स वर्कशॉप’ हा गट स्थापन केला, तो नेमके हे लपलेले उघड करण्यासाठी. स्क्रीन-छपाईची भित्तिपत्रके त्या सामूहिकपणे, कोणा एकीचे नाव न घालता काढीत. ‘माझी बायको काम करीत नाही’ असे म्हणणाऱ्या नवऱ्याला त्यांच्या एका पत्रकाने घड्याळाभोवती मांडलेला त्या बायकोचा अखंड दिवस दाखवला. वेतनाच्या तक्त्यात न येणारे श्रम त्या चित्रात आले.

भारतात स्थिती वेगळी नाही. १९७६ च्या कायद्याने समान कामास समान वेतन दिले. हे तत्त्व पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आले. परंतु खुरपणी बाईची आणि नांगरणी पुरुषाची, अशी कामाचीच वाटणी केली की दोन दर ठेवण्यास कायद्याची आडकाठी उरत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो. उरलेल्या वेळात जवळपास मिळेल ते काम पत्करणाऱ्या बाईला मजुरीच्या दराविषयी घासाघीस करण्याची ताकद कोठून येणार?

विद्यार्थ्यांनी चितारावयाचे ते हे. त्यासाठी त्यांनी वर्गाबाहेर पडून शेताच्या बांधावर आणि विडी वळणाऱ्या बायांच्या ओसरीवर जावे. कामाचे नाव, तास, दर आणि ही श्रेणी कोणी ठरवली, हे विचारावे. कार्यकर्त्यांनी त्यांना हजेरीपट मिळवून द्यावेत आणि तयार झालेली चित्रे गावच्या चावडीवर लावावीत. कलादालनात टाळ्या मिळवणाऱ्या चित्रापेक्षा, मजूर बाई ज्यापुढे थांबून स्वतःचा हिशेब तपासते ते चित्र मोलाचे. तो हिशेब तिला एकदा कळला की पुढचा प्रश्न संघटनेचा आहे आणि ते काम पक्षाचे आहे.