जुन्या चेतकचे मोल कोणी ठरवावे?

जुन्या घाटाची नवी वाहने बाजारात आली म्हणजे मूळ वाहनांची किंमत वाढते की घटते, हा प्रश्न वरकरणी हौशी धनिकांचा वाटतो. बीटल 1998 मध्ये, मिनी 2001 मध्ये आणि फियाट 500 ही मोटार 2007 मध्ये जुन्या रूपाची आठवण देत नव्याने अवतरली, तेव्हा तो आपल्यापासून दूरच होता. परंतु जानेवारी 2020 मध्ये बजाज ऑटोने विजेवर चालणारा चेतक विक्रीस आणला आणि प्रश्न आपल्या दारी आला. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे. येथील श्रमिकाला तरी तो परका वाटू नये.

मूळ चेतक 1972 चा. परवाना-पद्धतीच्या त्या काळात नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून वापरलेली स्कूटर पुष्कळदा नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई. ती किंमत टंचाईची होती. मोटारसायकली मुबलक झाल्या तशी ती विरली आणि 2009 मध्ये कंपनीने स्कूटरचा व्यवसायच सोडण्याचे जाहीर केले.

आता जुन्या चेतकचे दोन बाजार मानावे लागतील. संग्राहकाला अस्सलपणा हवा असतो. नवे रूप त्याला पर्याय ठरत नाही. उलट नव्याच्या जाहिरातीने जुने नाव पुन्हा ओठांवर येते आणि नीट राखलेल्या गाडीचा भाव वधारण्यास वाव मिळतो. दूध वा अवजारे वाहणाऱ्याच्या गाडीचे मोल मात्र सुटे भाग, मिस्त्री आणि परिवहन कार्यालयाचे शुल्क यांवर ठरते. विजेच्या चेतकात कार्ब्युरेटर नाही, किक नाही. त्याचा खप वाढल्याने जुन्याला एक सुटा भागही मिळत नाही.

शासनाचे नियमही हाच भेद पाळतात. 2021 च्या नियमांनी मूळ रूपातील 50 वर्षांवरील वाहनास ‘विंटेज’ हा मान दिला. नोंदणीशुल्क 20,000 रुपये आणि रोजच्या वापरास मनाई. 2022 मध्ये 15 वर्षांपुढील सामान्य दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क 300 वरून 1,000 रुपये झाले. प्रदर्शनातील गाडी वारसा ठरली, कामावर जाणारी ओझे!

जुन्या इंजिनाचा धूर आपणही नाकारलाच पाहिजे. पण चेतक या नावाची पत केवळ भांडवलाने निर्माण केलेली नाही. कामगारांचे श्रम, मिस्त्रींचे कौशल्य आणि हप्ते फेडून गाडी जपणारी कुटुंबे यांनी ती उभी केली. ती पत नव्या गाडीच्या किमतीत वसूल होत असेल, तर तिचा वाटा परत यावयास हवा: जुनी गाडी जमा करणाऱ्यास रास्त मोल आणि मिस्त्रीस विजेच्या गाडीचे मोफत प्रशिक्षण. कार्यकर्त्यांनी ही मागणी गॅरेजच्या दारापासून मांडावी.