‘डिअर सर’ आणि ‘हाय’

बँकेत लागलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो हिशेबाचा नव्हे, पत्राचा. आरंभी ‘डिअर सर’ असेल तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’. नावानिशी लिहिले तर ‘युवर्स सिन्सिअरली’. आजचा तरुण अधिकारी ग्राहकाला ‘हाय’ म्हणून ई-मेल धाडतो. आमची पिढी नाक मुरडते. पण आपल्या इंग्रजीने काय केले, हे ती सोयीने विसरते.

थकीत कर्जासाठी २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस जाते. तिचे इंग्रजी काटेकोर हवेच. प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे गेले तर शब्दन्‌ शब्द तपासला जातो. पण एका लेथवाल्याने ती माझ्यापुढे धरून विचारले, “साहेब, घर जाणार असं यात कुठं लिहिलंय?” लिहिले होते, ‘सिक्युअर्ड अ‍ॅसेट’ या शब्दांत. तोवर ४० दिवस सरले होते.

पुढे मी नोटिशीसोबत साध्या इंग्रजीत दोन ओळी जोडू लागलो: घर तारण आहे, अमुक तारखेपूर्वी येऊन भेटा. त्याच्या शाळकरी मुलीलाही वाचता येतील अशा.

‘हाय’वाल्या मुलांना म्हणूनच एवढेच सांगतो: नोटिशीत सैल होऊ नका, आणि माणसाशी नोटिशीच्या भाषेत बोलू नका.