जुन्या ‘बीटल’ला गॅस मानवेल काय?

पेट्रोलचे दर चढले की जुन्या मोटारींच्या मालकांना गॅसची आठवण होते. फोक्सवॅगन ‘बीटल’ही त्याला अपवाद नाही. २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल तयार झाली, तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. त्यांतल्या ज्या आजही धावतात, त्या प्रोपेनवर चालवाव्यात का?

प्रोपेनचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक आहे, याचा गाजावाजा फार होतो. मात्र बीटलच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन जेमतेम साडेसातास एक. इतक्या कमी दाबाच्या इंजिनाला त्या ऑक्टेनचा उपयोग नाही. उलट वायुरूप इंधन हवेची जागा अडवते आणि ताकद थोडी घटते. प्रतिलिटर ऊर्जाही पेट्रोलहून सुमारे पाव हिश्श्याने कमी. खरा लाभ वेगळाच आहे. या इंजिनात तेल अवघे अडीच लिटर आणि ते गाळायला फक्त जाळी. गॅसच्या स्वच्छ ज्वलनाने ते तेल अधिक काळ टिकते.

खरी मेख आहे ती उष्णतेची. टाकीतील द्रवरूप प्रोपेनची वाफ करण्यासाठी किलोमागे साधारण ३५० ते ४२५ किलोज्यूल उष्णता लागते. नेहमीच्या मोटारीत रेडिएटरचे गरम पाणी व्हेपोरायझरमधून फिरवले की काम भागते. बीटलमध्ये पाणीच नाही! मग इंजिनाचे गरम तेल किंवा सायलेन्सरकडील उष्णता वापरावी लागते. टाकीच्या वरच्या भागातून थेट वाफ घेण्याचा सोपा मार्ग लहान जनित्रांना चालतो. मोटारीत मात्र लांब चढावर टाकी गार पडते, दाब घसरतो आणि गाडी धापा टाकू लागते.

शिवाय पेट्रोल बाष्पीभवन होताना आत येणारी हवा गार करते, तो आधार गॅसवर राहत नाही. जुन्या रचनेत ऑइल कूलर हवेच्या वाटेत असल्याने तिसरा सिलिंडर आधीच अधिक तापतो. मिश्रणात गॅस कमी पडला, तर त्याच सिलिंडरची एक्झॉस्ट झडप पहिली जळते. बॅटरी मागील आसनाखाली असते आणि टाकी बसवायची सोयीची जागाही तिच्यामागेच. हवेहून दीडपट जड असलेला गॅस गळला, तर तळाशी साचणारच. म्हणून टाकीच्या झडपेभोवती हवाबंद आवरण आणि बाहेर निघणारी नळी यांत तडजोड नको.

बचतीचे गणितही सरळ नाही. जर्मनीत ऑटोगॅसवरील करसवलत २०१९ पासून घटत २०२२ अखेर संपली. तीस वर्षांवरील ऐतिहासिक गाड्यांना तेथील पर्यावरण क्षेत्रांत मुभा असल्याने प्रदूषणासाठी इंधन बदलण्याची सक्तीही नाही. थोडी धाव असलेल्या हौशी गाडीचा किटचा खर्च वसूल व्हायला कित्येक वर्षे जातील.

भारतात हवेने थंड होणाऱ्या रिक्षा एलपीजीवर धावतात हे खरे. पण त्यांत इंजिन आणि गॅसयंत्रणा कारखान्यातच जुळवलेली असते. मोजक्या बीटल-मालकांपुढे येथे आणखी एक अडचण आहे. घरगुती सिलिंडर वापरण्यास बंदी आहेच. मान्यताप्राप्त किट आणि आरसी पुस्तकात नोंदही हवी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ दर्जा हवा असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिनातील बदलही त्याच्या आड येऊ शकतो. त्यामुळे गॅरेजमध्ये आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओकडून लेखी खुलासा घेतलेला बरा.