मयेचे तळे आणि वरचा डोंगर

चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीकडे जाणारी आपली बेळगाव-खानापूरची मंडळी मयेला थांबतात ती तळे बघायला. मुले बोटीत बसतात, मोठी माणसे चहा-भजी उरकतात, फोटो निघतात आणि गाडी पणजीच्या रस्त्याला लागते. तळ्यात पाणी येते कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. ते येते भोवतालच्या डोंगरांवरून आणि डोंगरांच्या पोटातल्या झऱ्यांतून. खाली शेते, पुढे ओहोळ, शेवटी मांडवी. आपल्या खानापूर तालुक्यात जन्मलेली म्हादईच ही, खाली गेल्यावर मांडवी होते.

आता डोंगराचे बघा. शिरगाव, मये, मुळगाव हा सारा पट्टा लोहखनिजाचा. एक टन खनिज काढायचे तर अडीच-तीन टन माती-मुरूम उपसून बाजूला टाकावा लागतो. ती माती डोंगरावरच ढीग करून राहते आणि गोव्याचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास! नियम सांगतो की ढिगाच्या पायथ्याला दगडी बांध हवा, भोवती चर हवा, गाळ बसायला खड्डे हवेत. पण चर गाळाने भरला आणि जूनच्या आधी कोणी उपसला नाही, तर पहिल्याच मोठ्या सरीत लाल पाणी थेट भाताच्या खाचरात उतरते. त्या गाळाचा थर वाळला की नांगर लागत नाही. ही तक्रार या गावांतले शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजचे नूतनीकरण रद्द केले, तरी ढीग जागचे हलले नाहीत. डिसेंबर 2022 च्या लिलावात शिरगाव-मये हा एक खाणपट्टा होता, आणि डिचोलीचा पट्टा 2024 मध्ये सुरूही झाला. तेव्हा चर आणि बांध हा विषय काही जुना झालेला नाही.

गोव्याच्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात 17-अ नावाचे एक कलम आहे. मला ते फार शहाणे वाटते. डोंगर कापणे आणि सखल जमीन भरणे, या दोन्हींना मुख्य नगर नियोजकाची लेखी परवानगी हवी असे ते एकाच दमात सांगते. कायदा करणाऱ्याला ठाऊक होते की वरची माती सुटली की ती खालीच येणार, आणि खालची खोलगट जागा बुजवली की पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यात जाणार. अडचण अशी, की परवानगी मागितली जाते सर्व्हे नंबरानुसार. एकाने वर पाच गुंठे सपाट केले, दुसऱ्याने खाली दहा गुंठे भरले. कागदावर दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ओहोळाला मात्र दोघांचाही हिशेब द्यावा लागतो.

खाजन जमिनींना 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने वेगळे संरक्षण दिले, त्यात विकासकाम चालणार नाही असे स्पष्ट म्हटले. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे आणि मानशीच्या दारातून पावसाचे पाणी ओहोटीला सोडायचे, ही पद्धत शतकांची. एखाद्याने मानस नादुरुस्त ठेवली तर साऱ्या गावाचे भात खारे होई, म्हणून ती राखणे हे कोणा एकाचे काम नसे. उलट अलीकडे 2023 मध्ये आलेल्या 17(2) कलमाने प्रादेशिक आराखड्यातली ‘चूक’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली भूखंडागणिक झोन बदलता येऊ लागले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले.

मयेची गोष्ट आणखी वेगळी आहे. गोवा मुक्त झाल्यावर इथल्या मोठ्या जमिनीचे पोर्तुगीज काळातले मालक निघून गेले, जमीन ‘निर्वासित मालमत्ता’ ठरली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या हाती घराचाही कागद नव्हता. 2014 च्या कायद्याने ती मालकी संपवली, मग सनदांचा मार्ग मोकळा झाला. हे न्यायाचेच झाले. पण ज्या नकाशावर घरे आणि शेते आखली जातात, त्याच नकाशावर ओहोळ आणि पाणंदीही रेखून ‘ही कोणाचीच नाही’ असे लिहून ठेवायला हवे. एकदा कुंपण पडले की नंतर कोर्टात दहा वर्षे जातात.

कन्नडमध्ये पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या प्रवाहाला ‘राजकालुवे’ म्हणतात. केवढा मान! आपण मराठीत नाला म्हणतो आणि त्यात कचरा टाकतो. (बंगळूरकरांनी राजकालुव्यावरही इमारती बांधल्याच, सप्टेंबर 2022 मध्ये शहर बुडाले तेव्हा पालिकेला बुलडोझर काढावे लागले.) आपला बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो तेव्हा आपणही हेच पाहतो. 23 जुलै 2021 ला डिचोली-सत्तरीत पूर आला, तो 1982 नंतरचा सर्वांत मोठा असल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले.

डिचोलीकडे प्लॉट घेऊ पाहणारी आपल्याकडची कुटुंबे बरीच आहेत. एजंट जानेवारीत नेतो, तेव्हा सगळेच कोरडे आणि गोजिरे दिसते. पुन्हा एकदा जुलैत जावे, छत्री घेऊन, आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते उभे राहून बघावे. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावे, इथे पूर्वी काय पिकत होते. ‘भात’ असे उत्तर आले तर झोनचा दाखला, 17-अ ची परवानगी आणि प्रादेशिक आराखड्यातली नोंद हे तिन्ही कागद बघितल्याशिवाय इसार देऊ नये.