गाजलेले ते सारेच श्रेष्ठ नव्हे

लोकप्रियता हीच श्रेष्ठतेची कसोटी, असे मानण्याची सवय आपल्या काळाला जडली आहे. ही सवय बाजारापुरती राहिली असती, तर तिच्याविरुद्ध लेखणी उचलण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु ती चर्चच्या पायऱ्या चढून गायकवृंदापर्यंत पोहोचू पाहत आहे; म्हणून हा प्रपंच.

उदाहरण म्हणून आम्ही एक अत्यंत यशस्वी ध्वनिमुद्रिका घेतो. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल ही न्यूयॉर्कची जोडी १९७० साली विभक्त झाली आणि जून १९७२ मध्ये कोलंबिया कंपनीने ‘सायमन अँड गारफंकल्स ग्रेटेस्ट हिट्स’ हा त्यांच्या गाजलेल्या गीतांचा संग्रह बाजारात आणला. त्यात चौदा गीते आहेत. पैकी चार प्रत्यक्ष मैफलींत ध्वनिमुद्रित झालेली. एकट्या अमेरिकेत या संग्रहाला एक कोटी चाळीस लाख प्रतींचे प्रमाणपत्र लाभले आहे. गीते सुरेल आहेत, शब्द विचारी आहेत. ‘द बॉक्सर’ आणि ‘अमेरिका’ यांतले एकाकीपण आजही मनाला भिडते. या संग्रहाने असंख्य श्रोत्यांना त्या जोडीच्या दारापर्यंत आणले, हेही आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमची तक्रार दारापाशीच थांबणाऱ्यांबद्दल आहे.

कारण या संग्रहात काय आहे, याइतकेच काय नाही, हेही बोलके आहे. या जोडीची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६४ मध्ये निघाली. तीत ‘बेनेदिक्तुस’ हे गीत आहे: सोळाव्या शतकातील संगीतकार ऑर्लांदो दि लास्सो यांच्या रचनेवर बेतलेले, मिस्सातील लॅटिन शब्दांचे. गाणारे दोघेही ज्यू कुटुंबांतील तरुण! त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, अमेरिकेतील धर्मग्रामांत मिस्सामध्ये इंग्रजीचा वापर सुरू झाला. आपले लोक लॅटिनचा निरोप घेत असताना दोन परधर्मीय तरुण ती आदराने गात होते. ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये हे गीत नाही. येशूच्या धन्योद्गारांच्या घडणीवर रचलेले, १९६६ च्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ब्लेस्ड’ हे बोचरे गीतही नाही.

आणखी एक उणीव आम्हांस अधिक सलते. १९६६ च्याच ‘पार्सली, सेज, रोझमेरी अँड थाइम’ या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस ते दोघे नाताळचे ‘सायलेंट नाइट’ हे गीत अगदी हळुवारपणे गातात आणि त्याच वेळी पार्श्वभूमीवर सात वाजताच्या बातम्या ऐकू येऊ लागतात. शिकागोतील परिचारिकांचे हत्याकांड, नागरी हक्कांचा झगडा, व्हिएतनामचे युद्ध. बातम्यांचा आवाज वाढत जातो. गाणारे मात्र थांबत नाहीत. गव्हाणीतील बालक हेरोदाच्या राज्यात जन्मले, हे अनेक प्रवचनांपेक्षा अधिक स्पष्टपणे सांगणारे हे गीत ‘हिट’ नव्हते. सबब ते वगळले गेले.

यात कंपनीचा कपट नाही. गाजलेली गीते देतो असे तिने सांगितले आणि तीच दिली. दोष आहे तो ‘गाजलेली’ म्हणजेच ‘थोर’ असे समजणाऱ्या आपल्या कानांचा. शिवाय, गाजलेल्या गीतांचीही मुळे आपण शोधत नाही. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ या गीतातील सेतूची प्रतिमा सायमन यांना ‘स्वान सिल्व्हरटोन्स’ या कृष्णवर्णीय भक्तिगायकांच्या ध्वनिमुद्रिकेतून, क्लॉड जीटर यांच्या मुखातून मिळाली. गाजले ते पाणी. झरा मात्र उपासनेचा होता.

आता आपल्याकडे वळू. अमुक गीत सर्वांना आवडते, टाळ्या पडतात, म्हणून तेच दर रविवारी, हा युक्तिवाद आपल्याही कानी येतो. स्पॅनिश भाषिक धर्मग्रामांत तर प्रभूची प्रार्थना ‘द साउंड ऑफ सायलेन्स’च्या चालीवर गाण्याचा प्रघात पडला. चाल गोड आहे, हे खरे. परंतु ती मानवी संवाद तुटल्याच्या विषादाची आहे. ‘आमच्या बापा’ अशी हाक मारणाऱ्या लेकरांनी ती उसनी का घ्यावी? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली लोकभाषेला उपासनेचे दार उघडून दिले, ते लोकांनी समजून-उमजून सहभागी व्हावे म्हणून. आवडत्या चालींची स्पर्धा भरवण्यासाठी नव्हे.

स्तोत्रसंहितेकडे पाहा. तीत स्तुती आहे, तसाच आक्रोश आहे, तक्रार आहे, खोल गर्तेतून मारलेली हाक आहे. पूर्वजांनी त्यांतील लोकप्रिय तेवढी निवडली असती, तर मृत्यूच्या घरी आपण काय गायलो असतो? विलापाची स्तोत्रे कधीच ‘हिट’ होत नाहीत; पण वेळ आली की तीच आपल्याला धरून ठेवतात.

म्हणून धर्मग्रामांतील गायकवृंदांना, धर्मगुरूंना आणि पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. गाजलेली गीते जरूर गा. पण त्यांच्या शेजारी न गाजलेल्यांनाही जागा द्या. दर महिन्याला एक विस्मृतीत गेलेले गीत शिका, एक अवघड स्तोत्र मुलांकडून पाठ करून घ्या. घरी ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ऐकणाऱ्या तरुणांना रागावू नका. त्यांना ‘बेनेदिक्तुस’ ऐकवा. आणि येत्या नाताळात ‘सायलेंट नाइट’ गाताना बाहेरच्या बातम्यांना कान झाकू नका. त्या रात्रीची शांती त्या गोंगाटासाठीच दिली गेली आहे.