पाठीखालची थंडी

मुलांनो, थंडीच्या दिवसांत गोधडी अंगावर ओढली की कसं छान उबदार वाटतं, नाही? आता सांगा पाहू, ही ऊब येते कुठून? वर्गात हा प्रश्न विचारला की सगळे हात वर होतात आणि एकच उत्तर येतं, "गोधडीतून!" हे उत्तर चूक आहे. का चूक आहे, ते मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवते. पण मला स्वतःला ते खरं कळलं एका डिसेंबरातल्या मध्यरात्री, भंडारदऱ्याला.

आम्ही घरातली सात-आठ माणसं जलाशयाच्या काठी मुक्कामाला गेलो होतो. माझा भाचा सातवीतला. त्याने हौसेने एक नायलॉनची झोळी आणली होती. दोन झाडांना बांधायची आणि आत झोपायचं. "आत्या, मी तंबूत नाही झोपणार, झोळीतच झोपणार!" स्लीपिंग बॅग होती, स्वेटर होता, कानटोपी होती. मी म्हटलं, झोप बाबा.

रात्री बाराच्या सुमारास हाक आली, "आत्या, पाठ गारठली." मी उठून माझी शाल त्याच्या अंगावर घातली. अर्ध्या तासाने पुन्हा हाक. मग आणखी एक चादर घातली. तरी याचे दात वाजतच होते! शेवटी त्याला झोळीतून उतरवला, तंबूत आणला, सतरंजीवर वर्तमानपत्रांचे जाड थर अंथरले आणि त्यावर निजवला. दहा-पंधरा मिनिटांत कुडकुडणं थांबलं. पांघरूण तेवढंच होतं, फक्त अंथरूण बदललं होतं.

सकाळी चहा घेऊन आलेल्या गावातल्या आजींना हे सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या. "अहो बाई, बाळाला झोळीत घालताना आपण आधी खाली गोधडीची घडी घालतो ना? तुम्ही सगळं वरूनच घातलंत!"

मी गप्पच झाले. सगळं विज्ञान त्या एका वाक्यात होतं.

असं बघा, ऊब असते आपल्या अंगाची. मोठा माणूस नुसता शांत पडलेला असला तरी त्याच्या शरीरातून साधारण ८० ते १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. गोधडी काही उष्णता तयार करत नाही. ती कापडाच्या थरांमध्ये हवा अडवून धरते आणि ही अडकलेली हवा आपली उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. पण झोळीत झोपलं की स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग आपल्याच वजनाने चेपला जातो. हवा निघून जाते, उरतं नुसतं कापड. शिवाय झोळीच्या खालून वारा वाहतो, तो उष्णता पळवून नेतो. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी फार पूर्वीपासून झोळीत झोपत. तिथे उकाडा, त्यामुळे खालून वारा लागणं ही सोयच होती. आपल्या थंडीत मात्र तीच सोय अडचण होते.

पुढच्या वेळी भाच्याने नवी युक्ती काढली. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदा त्याने झोळीत पाठीखाली अंथरला. आणि काय आश्चर्य, रात्रभर स्वारी गाढ झोपली! "आत्या, चंदेरी रंगाची कमाल बघ!" म्हणाला.

कमाल खरी, पण अर्धीच. उष्णता तीन वाटांनी जाते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल : वहन, अभिसरण आणि प्रारण. चकचकीत पृष्ठभाग फक्त प्रारणाची वाट अडवतो. आरसा उजेड परतवतो, तशी उष्णता परतवतो. त्यासाठी त्याच्या आणि अंगाच्या मध्ये थोडी हवा हवी. नुसता चंदेरी कागद पाठीला चिकटला तर उष्णता त्यातून सरळ पलीकडे जाते. भाच्याच्या पडद्यात दोन थरांमध्ये हवेचे बंद फुगे होते, आपण टिचकीने फोडतो ना, तसले. अंगाच्या वजनाने ते फारसे चेपत नाहीत. म्हणजे पाठीखाली मोठं काम केलं ते फुग्यांतल्या हवेने, आणि शाबासकी मिळाली चकाकीला!

चकाकीचं खरं राज्य अंतराळात. तिथे हवाच नाही, त्यामुळे यानातून बाहेर जाणारी उष्णता जाते ती प्रारणानेच. प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन केलेलं पांघरूण 'नासा'ने १९६४ साली तयार केलं, ते अंतराळासाठीच. २०२३ साली चंद्रावर उतरलेलं आपलं 'विक्रम' आठवतं? त्याच्या अंगावर सोनेरी वेष्टन होतं. ते सोनं नव्हे! पिवळसर प्लॅस्टिकच्या मागे ॲल्युमिनियमचा मुलामा असला की ते तसं सोनेरी दिसतं.

चंदेरी पडद्याचा एक दोषही लक्षात ठेवा. त्यातून घामाची वाफ बाहेर जात नाही. तो गच्च गुंडाळून घेतला तर सकाळी आतले कपडे ओलसर होतात, आणि ओले कपडे अंग जास्तच गार करतात. म्हणून तो खाली अंथरावा, तोंडावर तर कधीच घेऊ नये. शेकोटीजवळही नेऊ नये, प्लॅस्टिक लगेच वितळतं.

आता दोन शब्द पालकांसाठी. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. गारठलेलं मूल अडखळत बोलू लागलं, पेंगू लागलं किंवा न कुडकुडता गळून गेलं, तर ती झोप समजू नका. ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण वर आणि खालीही घाला आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी हा प्रयोग. काचेचे चार सारखे पेले घ्या. मोठ्यांच्या मदतीने त्यांत सारखंच कोमट पाणी भरा आणि वर बशा झाका. पहिला पेला तसाच ठेवा. दुसऱ्याला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लावा, तिसऱ्याला कोरड्या रुमालाच्या घड्या, चौथ्याला ओला रुमाल. अर्ध्या तासाने बोट बुडवून बघा. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग बोट बुडवायचं. बोट बुडवल्यावर अंदाज खोडायचा नाही हं! चुकला तरी राहू द्या. माझाही भंडारदऱ्याला चुकलाच होता.