पहिला खर्च कोठे करावा?

लहान मोटार ही आता व्यापारी घराची रोजची गरज झाली आहे. सकाळी दुकान, दुपारी मुलांची शाळा, आठवड्यातून एखादी वसुलीची फेरी आणि सणावाराला गाव, हे सारे तिच्यावरच चालते. घरातील तरुणाच्या हाती किल्ली आली की थोड्याच दिवसांत मागणी पुढे येते, ती गाडीचा ‘पिकअप’ वाढवण्याची. वडीलधाऱ्यांना ती उधळपट्टी वाटते, तरुणाला माफक हौस. वस्तुतः प्रश्न हौसेचा नसून खर्चाच्या क्रमाचा आहे.

आपल्याकडील मोटारींची इंजिने लहान राहण्यामागे कररचना हे मोठे कारण आहे. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. जीएसटीतही त्या मोजमापांना महत्त्व राहिले. स्विफ्टसारख्या अनेक मोटारी या चौकटीत बसवूनच घडवल्या गेल्या. टर्बो नसलेले असे इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल, साधारण तेवढीच घेते. त्यामुळे संगणकीय नियंत्रणात फेरफार करून, म्हणजे ‘रिमॅप’ करून, त्यातून मिळणारी वाढ थोडीच असते. उघडे एअर फिल्टर पुष्कळदा बॉनेटखालची तापलेली, म्हणजेच विरळ हवा ओढते. मोठा सायलेन्सर आवाज वाढवतो, शक्ती फारशी नाही. टर्बो इंजिनात रिमॅपचा परिणाम ठळक दिसतो. मात्र क्लच आणि गिअरबॉक्सवरील ताण वाढतो आणि वॉरंटीही धोक्यात येते.

याउलट टायरवर केलेला खर्च प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला उपयोगी पडतो. मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरच्या तळहाताएवढ्या भागांतूनच. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे अनिवार्य ठरते. पावसाळ्याच्या दृष्टीने त्याआधीच बदललेला बरा. खरेदी करताना टायरच्या कडेवरील चार आकडे पाहावेत. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला माल. रुंद टायर घ्यायचाच असेल, तर उत्पादकाने त्याच मोटारीच्या वरच्या श्रेणीत दिलेले माप निवडावे. २०१८ च्या स्विफ्टमध्ये खालच्या श्रेणींना १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणींना १८५/६५ आर १५ हे माप होते. दोहोंच्या बाहेरील व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून वेगदर्शक काट्याचे गणित बिघडत नाही. त्यापेक्षा मोठ्या मापाचा मोह टाळावा.

दुसरा मान ब्रेकचा. वेग ६० वरून ९० झाला, तर मोटार थांबवताना ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा पचवावी लागते. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे आंबा घाट उतरताना ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंश धरली जाते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जात राहते. डिकीत मालाचे नमुने आणि आसनांवर सारे कुटुंब असताना याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे, चांगले ब्रेक पॅड बसवणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे हे कोणत्याही सुट्या भागापेक्षा मोलाचे. त्यानंतर थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि व्हील अलाइनमेंट यांचा विचार करावा.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. विमा कंपनीस न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो. लहानशा हौसेपायी लाखो रुपयांचे संरक्षण पणास लावणे हिशेबात बसत नाही.

तेव्हा क्रम असा ठरतो: आधी राहिलेली सर्व्हिसिंग, मग टायर, मग ब्रेक, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर. इंजिनाचा विचार सर्वांत शेवटी, तोही अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि विमा कंपनी यांना विचारूनच. हौस मोडण्याचे कारण नाही. तरुणाने पहिल्या रकमेतून उत्तम टायर घ्यावेत, डिकीतील महिनोन्महिने पडलेले ओझे काढावे आणि दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या प्रमाणात हवा भरावी. एवढ्यानेच गाडी किती हलकी चालते, हे त्याला पहिल्याच फेरीत जाणवेल आणि मागे बसलेल्या आजीलाही.